लोणच्याची बरणी आणि आपल्या घरातला विटाळ

मे महिना संपत आला की पुण्यात मंडईत आणि मार्केट यार्डात लोणच्याच्या कैऱ्यांचे ढीग लागतात. घरी कैरी फोडायची सोय नसते, म्हणून बहुतेक जण विकणाऱ्या बाईकडूनच फोडी करून घेतात. ती मोठा अडकित्ता घेऊन बसलेली असते. किलोमागे थोडे पैसे जास्त घेते आणि कोयीसकट खटाखट फोडी पाडून देते. तिच्या हातांची जात कुणी विचारत नाही. तिला पाळी आली आहे का, हेही कुणी विचारत नाही. तीच फोड घरी जाते, फडक्यावर पसरली जाते, मीठ-हळद लावून बरणीत भरली जाते आणि मग तिला एकदम सोवळं चढतं. आता तिला कोण शिवणार आणि कोण नाही, याचे नियम सुरू होतात.

दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलण्याआधी माझ्याच घरचं सांगते. आमच्या घरी १९५६ नंतर आजीने देव नदीत सोडले. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. सत्यनारायण नाही, उपास नाही, श्राद्ध नाही. पण फडताळात वरच्या कप्प्यावर लोणच्याची चिनी मातीची बरणी असायची आणि मी शाळेत असताना, पहिल्यांदा पाळी आली त्या महिन्यात, मला सांगितलं गेलं, "चार दिवस बरणीला हात लावू नको, लोणचं नासतं." सांगणारी माझी आई होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालणारी, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माझी आई.

हा लेख आईवर राग काढण्यासाठी नाही. तिला तिच्या आईने सांगितलं होतं. पण गेली काही वर्षं मी वस्त्यांमध्ये घरकामगार बायांबरोबर काम करते आहे, आणि मला रोज जास्त पटत चाललं आहे की स्वयंपाकघरातून आपल्या बाईला बाहेर ठेवणारा नियम आणि लोणच्याच्या बरणीपासून आपल्या मुलीला लांब ठेवणारा नियम हे दोन वेगळे नियम नाहीत. तो एकच नियम आहे. त्याचं एक टोक आपण गेली शंभर वर्षं ओढतो आहोत आणि दुसरं टोक आपण स्वतःच घट्ट धरून ठेवलं आहे.

शिवणे, शिवाशिव आणि कावळा

आपली भाषाच बघा. 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे. त्यावरून 'शिवाशिव' आली, म्हणजे अस्पृश्यता पाळणं. आणि पाळी आलेल्या बाईला काय म्हणायचे? 'कावळा शिवला'. दोन्हीकडे होतो तो 'विटाळ'च. महाराच्या सावलीचाही विटाळ, पाळीच्या बाईचाही विटाळ. एकाला गावकुसाबाहेर बसवलं, दुसरीला घराच्या कोपऱ्यात 'बाहेर बसवलं'. शब्द एकच असतात तेव्हा व्यवस्थाही बहुतेक एकच असते.

ज्यांना हा नुसता शब्दांचा खेळ वाटतो, त्यांनी मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून बघावा. तिथे श्राद्धाच्या जेवणाचे नियम दिले आहेत. जेवणाऱ्या ब्राह्मणांवर कुणाकुणाची नजर पडू नये याची एक यादी आहे. त्या यादीत चांडाळ आहे, डुक्कर, कोंबडा आणि कुत्रा आहे, रजस्वला आहे, षंढ आहे. चांडाळ आणि पाळी आलेली बाई एकाच ओळीत, एकाच ताटापासून लांब ठेवलेली. ती बाई कोणत्या जातीची, हेही तिथे विचारलेलं नाही. म्हणजे ब्राह्मणाची स्वतःची बायकोसुद्धा महिन्यातले चार दिवस त्या यादीत जाऊन बसते.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. आपण तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो, दर वर्षी भाषणं करतो. पुस्तक जळलं. ही यादी मात्र आपल्या फडताळात जपून ठेवलेली आहे.

पुण्यातला २०१७ चा गुन्हा

आता या यादीचा आजच्या पुण्यात कसा वापर होतो ते बघू. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध सिंहगड रोड पोलीस ठाण्यात तक्रार दिली. नावं सगळ्या वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत. इथे मला व्यक्तींपेक्षा व्यवहारात रस आहे, म्हणून ती पुन्हा लिहीत नाही. तक्रार अशी होती: गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात, ब्राह्मण आणि सुवासिनी बाईकडूनच करून घ्यायचा असतो. या बाईने आपण ब्राह्मण आणि सुवासिनी असल्याचं भासवलं. प्रत्यक्षात ती मराठा निघाली आणि विधवा निघाली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी आरोप नाकारले. पण पोलिसांनी गुन्हा नोंदवून घेतला. त्यात भारतीय दंड संहितेचं कलम ४१९, म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक, हेही होतं. पुढे राज्यभर निषेध झाला आणि काही दिवसांतच तक्रार मागे घेतली गेली.

त्या वेळी बरीच चर्चा 'शास्त्रज्ञ असून अशी कशी' या एका प्रश्नाभोवती फिरली. मला तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, जेवण वाईट होतं अशी तक्रार नव्हती. पुरणपोळी फाटली नव्हती, भाजी खारट झाली नव्हती, कुणाचं पोट बिघडलं नव्हतं. जेवण उत्तम होतं म्हणूनच तर बाईंना पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं. जात समजेपर्यंत जिभेला काहीही कळलं नाही. सोवळ्याला चव नसते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

दुसरी गोष्ट, आक्षेप जातीवर जेवढा होता तेवढाच वैधव्यावर होता. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की जात टिकवायची तर बाईवर ताबा ठेवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्यासाठीची साधनं. शंभर वर्षांनी पुण्यातल्या एका एफआयआरमध्ये जात आणि वैधव्य शेजारी-शेजारी बसलेले दिसले. समाजशास्त्र शिकवणाऱ्यांना इतकं नेमकं उदाहरण शोधून मिळालं नसतं.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. त्या बाई मराठा होत्या, म्हणून मराठा संघटना रस्त्यावर आल्या. बरोबरच केलं त्यांनी. पण त्या बाई मातंग किंवा बौद्ध असत्या तर? तर गुन्हा नोंदवायची वेळच आली नसती, कारण आमची बाई त्या ओट्यापर्यंत पोहोचलीच नसती. आणि अपमान झाला म्हणून रस्त्यावर आलेल्या किती घरांत आमची बाई पोळ्या लाटायला ठेवली जाते? याला बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात. वरच्या पायरीवरून लाथ बसली की दुखतं, पण खालच्या पायरीवर आपण दिलेली लाथ आठवत नाही.

घरकामाची उतरंड

बाहेरच्यांना वाटतं, घरकाम म्हणजे एकच काम. तसं नाही. पुण्यात घरकामाची सरळसरळ उतरंड आहे. सगळ्यात खाली संडास-बाथरूम. त्याच्यावर झाडू-पोछा. मग धुणं-भांडी. मग पोळी-भाजी. आणि सगळ्यात वर सणावाराचा सोवळ्यातला स्वयंपाक. जसजसं वर जाल तसा पैसा वाढतो, कंबर कमी मोडते आणि मान वाढतो. 'ए बाई' ची 'स्वयंपाकाच्या काकू' होते. आता या शिडीवर कोणत्या जातीच्या बाया कोणत्या पायरीवर आहेत ते तुमच्या वस्तीत फिरून स्वतः बघा. सर्वेक्षणाचा फॉर्म लागणार नाही.

एका बैठकीत एक ताई म्हणाली, "माझ्यासारखी भाकरी त्यांच्या सुनेलाबी येत नाही. पण आडनाव इचारलं की झाडूच हातात देत्यात." दुसरी हसली आणि म्हणाली, "म्हणून तर मी गावाचं नाव सांगते." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. पोटासाठी स्वतःचं आडनाव लपवावं लागतं, आणि सापडलं तर तोतयेगिरीचा गुन्हा! चोर कोण आणि फिर्यादी कोण?

ज्यांना वाटतं आता हे राहिलेलं नाही, त्यांच्यासाठी एक आकडा. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात घरोघरी विचारलं गेलं की तुमच्याकडे अस्पृश्यता पाळतात का, आणि पाळत नसाल तर अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का. देशभरात सुमारे २७ टक्के घरांनी या ना त्या प्रकारे अस्पृश्यता पाळत असल्याचं कबूल केलं. महाराष्ट्राचा आकडा त्यात फारच कमी होता, फक्त ४ टक्के. आपण यावर खूश व्हायचं का? पाच वर्षांनी याच महाराष्ट्रात, विद्येच्या माहेरघरात, सोवळं मोडलं म्हणून पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्रात सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळीमुळे एक झालं आहे. काय बोलू नये हे लोकांना कळलं आहे. काय करू नये हे अजून कळायचं आहे. आणि त्या सर्वेक्षणाने अस्पृश्यता मोजायला देऊळ निवडलं नाही, पाणवठा निवडला नाही. स्वयंपाकघर निवडलं. कारण शेवटची शिवाशिव तिथेच लपून बसली आहे.

चहा प्यायले म्हणून प्रायश्चित्त

हे पुण्याला नवीन नाही. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली मोठी मोठी मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे मिशनऱ्यांनी दिलेला चहा-बिस्किटं पुढे आली. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य झालं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या दोघांनाही शेवटी प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. एक कप चहा! इंग्रजांच्या राज्याला हादरे देणारे आणि कायद्याची पुस्तकं कोळून प्यायलेले लोक या एका कपापुढे वाकले.

आणि त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८६८ मध्ये, याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही. पुण्याची परंपरा म्हणायचीच असेल, तर दोन्ही आहेत. कोणती सांगायची हे आपण ठरवायचं.

"हा स्वच्छतेचा प्रश्न आहे"

हा युक्तिवाद तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, म्हणून त्याचं उत्तर तयार ठेवा. 'सोवळं म्हणजे शेवटी स्वच्छताच ना?' नाही. स्वच्छता हात धुतल्याने येते आणि कुणालाही येते. सोवळं जन्माने येतं आणि साबणाने येत नाही. स्वच्छतेचा प्रश्न असता तर नखं बघितली असती, आडनाव विचारलं नसतं.

लोणच्याचंच घ्या. लोणचं का नासतं? याला सरळ कारणं आहेत. फोडींना किंवा बरणीला पाण्याचा अंश राहिला. मीठ कमी पडलं. मसाला किंवा तेल गरम असताना ओतलं आणि आत वाफ धरली. तेलाची पातळी फोडींच्या खाली गेली आणि वर राहिलेल्या फोडींना हवा लागली. ओला चमचा घातला. यातलं काहीही झालं की बुरशी येते. मीठ फोडींमधलं पाणी ओढून काढतं, कैरीची आंबट जंतूंना वाढू देत नाही, तेल हवा अडवतं, मोहरी-हिंग-हळद मदत करतात. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घाला, तेल चांगलं तापवून पूर्ण थंड करून ओता, फोडींच्या वर दोन बोटं तेल राहू द्या. लोणचं वर्षभर टिकेल. हात लावणारी कोणत्या जातीची आहे, तिची महिन्याची कोणती तारीख आहे, हे बुरशीला कळत नाही. ते फक्त मनूला कळतं.

मी हे करून बघितलं आहे. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मुद्दाम पाळीच्या दुसऱ्या दिवशी लोणचं घातलं. पुढच्या पावसाळ्यात ते संपलं तेव्हा आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मीठ जरा जास्त झालं होतं."

दुसरा युक्तिवाद असा की 'माझ्या घरात कुणाला ठेवायचं हा माझा खासगी प्रश्न आहे'. संविधानाचं कलम १७ अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्याला बंदी करतं. त्यात 'घराच्या उंबऱ्यापर्यंतच' असं लिहिलेलं नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून व्यवसाय आणि नोकरीत आडकाठी करणं हा गुन्हा मानतो. पण आडनाव ऐकून 'आम्हाला आता गरज नाही' म्हणणाऱ्याविरुद्ध पुरावा कुठून आणायचा? एका घरी तक्रार केली तर त्या सोसायटीतली बाकीची चार कामं जातात. म्हणून हा प्रश्न एकट्या बाईच्या धाडसावर सोडून चालणार नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा कुठे 'बाई' ही कामगार आहे हे शहराला कळलं. पगार, रजा, बोनस यांच्या मागण्यांमध्ये आता 'आडनाव विचारायचं नाही' ही मागणी आली पाहिजे.

आणि सप्टेंबर २०१८ मध्ये शबरीमलाच्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात पाळीच्या कारणावरून स्त्रीला वगळणं हे अस्पृश्यतेचंच रूप असल्याचं म्हटलं. तो विषय पुढे मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. पण कलम १७ आणि पाळी यांचा संबंध न्यायाधीशाला दिसतो, आणि कलम १७ ज्यांच्या बापाने लिहून घेतलं त्या आपल्याला दिसू नये?

लोणचं आणि चानी

आता 'पारंपरिक' या शब्दाकडे येऊ. 'पारंपरिक घरगुती लोणची', 'अस्सल मराठी भाज्या' असं म्हटलं की कोणतं घर डोळ्यांसमोर येतं? ज्याच्याकडे वर्षाचं तेल, गूळ आणि मसाला एकदम भरायची ऐपत होती, ज्याच्याकडे बरण्या ठेवायला कोरडी, अंधारी खोली होती, असं घर. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या सोप्या प्रमाणामुळे घराघरांत गेलं. त्यात वाईट काही नाही, मीही त्यातून शिकले. पण ज्या घरात पाच रुपयांचं तेल कागदाने झाकलेल्या वाटीत रोज आणलं जायचं, त्या घराचं लोणचं म्हणजे मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी. त्या दोन दिवसांत संपायच्या. साठवण हीसुद्धा जातीने मिळालेली गोष्ट आहे. ज्याला रोजची भाकरी मागून आणायला लावली, तो वर्षाची बेगमी कशाची करणार?

आणि तरीही आपल्या आयाबायांनी साठवण केली. मांसाच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची, दोरीवर उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात काम नसायचं तेव्हा त्या निखाऱ्यावर भाजायच्या किंवा कालवणात टाकायच्या. विज्ञान बघितलं तर लोणचं आणि चानी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत मिठाने पाणी काढलं आणि अन्न टिकवलं. एकीला 'आजीच्या हातची चव' म्हणून काचेच्या बाटलीत जागा मिळाली. दुसरीचं नाव आम्ही शहरात आल्यावर कुजबुजत घेतलं, खिडकी लावून शिजवलं, मुलांना 'शाळेत सांगू नको' म्हटलं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर तर गाय-बैलाच्या मांसाची चानी कायद्यानेच गुन्ह्यात गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण आपल्यातलेच काही जण गोंधळ करतात. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, कारण ते गावाने आपल्या माथी मारलेलं गुलामीचं अन्न होतं. त्याचा अर्थ मांस खाणारा हलका आणि न खाणारा थोर असा नव्हता. गुलामी सोडायची होती, ताट बदलून ब्राह्मण व्हायचं नव्हतं. आज आपल्यातला जो शिकून फ्लॅटमध्ये गेला आणि 'आम्ही नॉनव्हेज खात नाही हो' असं शेजाऱ्याला मुद्दाम सांगतो, त्याने हा फरक स्वतःला विचारावा. न आवडणं वेगळं, लाज वाटणं वेगळं.

या लाजेविरुद्ध काम झालेलं आहे आणि त्यातलं एक पुण्यातच झालं आहे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती गोळा केल्या. २००९ मध्ये 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' या नावाने ते काम प्रसिद्ध झालं. हे ताट भारतीय नाही का, हा प्रश्न नावातच आहे. पुढे २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं नावानिशी नोंदवलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेलं आणि आता जगभर वाचलं जातंय. आपल्या किती कार्यकर्त्यांनी ते मराठीत वाचलं?

भाज्यांचंही तेच. घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू या आपल्या आज्यांनी दुसऱ्याच्या बांधावरून खुडून आणलेल्या भाज्या. स्वतःची जमीन नव्हती म्हणून बांध. एका जुडीत सहा माणसं जेवायची म्हणून मूठभर डाळ घालून, वरून पाणी वाढवून पातळ केलेली भाजी. आज कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, आणि भरवावाच. पण त्या स्टॉलवर पौष्टिक घटकांचा तक्ता असतो, ज्या भुकेने या भाज्या ओळखायला शिकवल्या तिचा उल्लेख नसतो. भाजी वर आली, खुडणारी खालीच राहिली.

मग आपण काय करायचं?

'आमचेही पदार्थ यादीत घ्या' एवढीच मागणी मला अपुरी वाटते. उद्या एखाद्या मोठ्या हॉटेलात चान्या चारशे रुपये प्लेट मिळतील आणि त्या हॉटेलात भांडी घासणारी आमचीच बाई असेल. यादी वाढेल, शिवाशिव राहील. आपली मागणी ओट्याची आहे, नुसती ताटाची नाही. त्यासाठी तरुण मित्र-मैत्रिणींनो, चार साध्या गोष्टी.

एक, या उन्हाळ्यात घरात लोणचं घालाल तेव्हा मुलीला, सुनेला, बहिणीला पाळी असो-नसो, बरणी तिच्या हातात द्या. आई किंवा सासू नाही म्हणाली तर वाद घालू नका, लोणचं घाला. वर्षाने तेच बोलेल.

दोन, मुलग्यांनो, हा 'बायकांचा विषय' म्हणून पुढे ढकलू नका. विहारात वंदनेला पुढे बसता, भोजनदानाच्या वेळी वाढायला पुढे असता, पण कांदे चिरायला आणि पातेली घासायला कोण असतं? पंक्तीत समता आणि चुलीपाशी विषमता असं चालणार नाही.

तीन, आजीकडे बसा आणि लिहून घ्या. येसूर कसा दळायचा, चान्या किती दिवस वाळवायच्या, तांदुळजा कोणत्या बांधावर मिळायचा, कुणाच्या दारात काय मागावं लागलं. चव लिहा आणि अपमानही लिहा. नुसती चव लिहिली तर ती जाहिरात होते.

चार, ज्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई येते, आणि आता आपल्यातल्याही अनेकांकडे येते, त्यांनी आडनाव विचारू नका. आणि आपल्यातल्या कुणी मातंग, मेहतर किंवा पारधी बाईला ओट्यापाशी नको म्हटलं, तर त्याच्या भिंतीवरची तसबीर त्याला उतरवायला सांगा. श्रेणीबद्ध विषमता आपल्याही पायरीवर आहे.

बुद्धांनी आमगंध सुत्तात सांगितलं आहे की माणसाला अपवित्र करतं ते अन्न नव्हे, वाईट कर्म. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना हा उपदेश आवर्जून घेतला. आणि बुद्धांचं शेवटचं जेवण आठवा. ते चुंद नावाच्या लोहाराच्या घरी झालं. जेवल्यानंतर बुद्ध आजारी पडले आणि त्या आजारातच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पण जाण्याआधी त्यांनी आनंदाला बजावलं की चुंदाला कुणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला टोचणी लागू नये. ज्या जेवणानंतर प्राण गेला त्या जेवणाच्या वाढणाऱ्याची एवढी काळजी! आणि इथे पोटभर, चवीने जेवून, ढेकर देऊन झाल्यावर आडनाव कळलं म्हणून पोलीस ठाणं गाठलं जातं.

आपण चुंदाकडे जेवणाऱ्याच्या धम्मात आहोत. मग आपल्या फडताळात ती बरणी वेगळी का?

जय भीम.